मदत हवी आहे: छपाईचा खर्च उतरला, पण ऑफिसातली माणसं दुखावली

नमस्कार. म्हापशात माझं हिशेब आणि जीएसटीच्या कामाचं छोटं ऑफिस आहे. माझ्यासकट नऊ जण. प्रश्न छपाईच्या खर्चाचा आहे, पण तो आता तेवढाच उरलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मार्चअखेर हिशेब काढला तेव्हा कागद, टोनर, रंगीत शाई आणि दुरुस्ती मिळून वर्षाचा आकडा लाखाच्या घरात गेला. महिन्याला १४ रीम, म्हणजे ७,००० कागद. चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळ्यांना चार पैसे जास्त द्यावेत असं दरवर्षी मनात येतं आणि दरवर्षी हात आखडतो. ते पैसे कागदात जातायत हे बघून मला फार लागलं.

जूनमध्ये मी प्रिंटरशेजारी वही ठेवली. कोणी, कुठल्या पार्टीची (म्हणजे ग्राहकाची), किती पानं काढली ते लिहायचं. रंगीत प्रिंटरला पासवर्ड घातला. कुणाला विचारलं नाही. महिन्याभरात १४ चे १० रीम झाले.

मग जुलैमध्ये एका फायलीतून बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाची पावती पडली. ४३ पानं, ८६ रुपये. आमच्याकडे ११ वर्षं असलेल्या, डिचोलीहून रोज बसने येणाऱ्या ताईंनी ऑफिसचं काम स्वतःच्या पैशाने छापून आणलं होतं. विचारलं तर हळूच म्हणाल्या, "वहीत रोज माझंच नाव जास्त दिसतं. मी कागद नासते असं पोरांना वाटायला नको." त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यांचं काम कागदाचंच आहे. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी येते, २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचं कराचं विवरणपत्र भरायचं. मधल्या पाच-सहा दिवसांत प्रत्येक पार्टीची खरेदीची नोंद २बीशी ताडून बघायची. ताई या दोन्ही याद्या छापतात, पट्टी ठेवून एकेका ओळीला पेन्सिलीची खूण करतात. त्यांच्या हातून चूक जात नाही. आणि मी त्याच बाईंना हिशेब द्यायला लावला.

तेव्हा वही काढली तर खर्च पुन्हा वर जाईल का? वाचलेल्या पैशांतला वाटा सगळ्यांना द्यावा असं वाटतं, तो कसा वाटायचा? शिवाय शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (मडगाव, प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो)

ताई, काळ्या छपाईला लेसरच राहू द्या. टोनरच्या खोक्यावर १,५०० पानं लिहिलेली असतात ती ज्याचा साधारण ५ टक्केच भाग छापलेला असतो अशा पानाची असतात. तुमची खतावणीची पानं रेघांनी आणि आकड्यांनी भरलेली, त्यामुळे तेवढी निघणार नाहीत. ड्राफ्टवर, म्हणजे फिकट छपाईच्या सेटिंगवर छापा. दोन्ही बाजूंनी छपाई हेच मूळ सेटिंग करून ठेवा, म्हणजे एका बाजूने हवी असेल त्याने मुद्दाम बदलायचं. रंगीत कामाला टाकीचा प्रिंटर जरूर घ्या, पण संध्याकाळी आधी प्रिंटरचं बटण बंद करायचं आणि मग बोर्डाचं. थेट बोर्ड बंद केला तर शाई सोडणारा हेड नीट झाकला जात नाही, शाई वाळते आणि मग सफाईतच शाई संपते.

पावसाळ्यात मला येणारे निम्मे फोन कागद अडकल्याचे असतात. आपल्याकडच्या हवेत उघडा रीम दमट होतो, कडा वळतात, दोन-दोन कागद एकदम आत जातात. रात्री एसी बंद झाला की ट्रेमधला कागदही ओल धरतो. लागेल तेवढाच काढा, बाकीचा वेष्टनात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ऑफिस सोडताना ट्रे रिकामी करा.

प्रतिसाद (फोंडा, खासगी नोकरी)

मी तुमच्या ताईंच्या जागी राहिलेली आहे म्हणून लिहिते. आमच्याकडेही अशी वही होती. तिने कागद वाचला, पण त्यानंतर कोणी स्वतःहून काही सुचवलं नाही. कागद मोजायचाच तर कामाप्रमाणे मोजा, नावाप्रमाणे नको: ताळमेळाला किती, पावत्यांना किती, बिघडलेले किती. त्या ताईंना दुसरा स्क्रीन देऊन बघा, एकावर खरेदी, दुसऱ्यावर २बी. सवय व्हायला दोन महिने लागतील, तेवढे त्यांना द्या. तोवर छापू द्या.

आणि भरलेल्या विवरणपत्राची पावती फायलीला लावायला छापत असाल तर तो खर्च टाळता येतो. जीएसटी कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात. ते जपायचे मात्र वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणून दोन ठिकाणी प्रत ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल चारच्या चहाला सगळ्यांसमोर वही उचलली, चूक माझी होती हे सांगितलं आणि ताईंना ८६ रुपये परत केले. त्या घेत नव्हत्या, मी टेबलावर ठेवले. रंगीत प्रिंटरचा पासवर्डही काढला.

मग कधी न बोलणारा आमचा नवा मुलगा म्हणाला की अडकून बिघडलेले कागद तो महिनाभर टेबलाखाली साठवतोय, टाकायला जीव होत नाही. ते मोजले तर जवळजवळ एक रीम निघाला. मला याचा पत्ताच नव्हता. पाठकोऱ्या कागदांची आता त्याने टिपणवह्या करायला घेतल्यात. डब्याचं आणि रात्री ट्रे रिकामी करण्याचं काम त्यानेच मागून घेतलं. ताईंच्या टेबलावर दुसरा स्क्रीन सोमवारी येतोय.

वाट्याचं मात्र अजून ठरत नाही. चवथीआधी वाचलेल्या रकमेतली अर्धी सगळ्यांना सारखी वाटावी असं माझ्या मनात आहे. पण ताई म्हणतात की पोरांना जास्त द्या, त्यांचे पगार कमी आहेत. पोरं म्हणतात ताईंना द्या. तुमच्याकडे कोणी असं वाटप केलंय का? कसं केलंत?