मदत हवी आहे: भालजी पेंढारकरांवरचा माहितीपट आणि आजोबांच्या ट्रंकेतलं रीळ

नमस्कार मंडळी,

मजकूर लांबलाय, पण फिल्मच्या जतनातले आणि जुन्या मराठी सिनेमातले जाणकार इथे आहेत, म्हणून सगळं सांगते.

माझं माहेर कोल्हापूरचं, मंगळवार पेठेतलं. आजोबा दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत सेट रंगवायचे. आमच्या घरात भालजींचा उल्लेख कधी नावानं झालाच नाही, नुसतं 'बाबा'. गेलं दीड वर्ष मी बाबांच्या कारकिर्दीवर अर्ध्या तासाचा माहितीपट करतेय. १९३२ च्या 'श्यामसुंदर'पासून १९९१ सालच्या फाळके पुरस्कारापर्यंतचा पट आहे. त्यांचं नाव काढलं की लोक ढाल-तलवारीवर थांबतात. 'साधी माणसं'मधलं लोहार जोडपंही त्याच माणसानं उभं केलं, हे मला दाखवायचंय.

मागच्या महिन्यात आईनं आजोबांची ट्रंक उघडली. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेला पत्र्याचा गोल डबा होता, काथ्यानं बांधलेला. झाकण गंजून घट्ट बसलेलं. चमच्याच्या दांड्यानं उचकटलं आणि व्हिनेगरचा असा भपका आला की आई दोन पावलं मागे सरकली. आत १६ मिमीचं रीळ. वरचे वेढे कडेला लाटेसारखे वळलेत. पहिला हातभर भाग खिडकीशी धरून भिंगातून पाहिला तर नऊवारीतली एक बाई, मागे घोडा, आणि काठावर बारीक अक्षरांत 'सेफ्टी'. म्हणजे पेट घेणारी नायट्रेट फिल्म नाही, तेवढा जीव भांड्यात पडला. झाकणाच्या आतून जांभळ्या पेन्सिलीनं फक्त 'मं' लिहिलंय, पुढचं गंजानं खाल्लंय. बाबांचा 'मोहित्यांची मंजुळा' असेल का, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

ॲसिटेट फिल्म (हीच ती 'सेफ्टी') कुजायला लागली की तिच्यातून आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल कुजणं आणखी वाढवतं, एवढं मी वाचलंय. फिल्म आकसते, काठाची भोकं प्रोजेक्टरच्या दातांत बसत नाहीत, म्हणून ती चालवून बघायची नाही. पण आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही पाणी सुटतं. तोवर हा डबा कसा ठेवू? घरच्या फ्रीजमध्ये ठेवला तर चालेल का, की बाहेर काढताना दव धरून उलट नुकसान होईल? आणि आकसलेली १६ मिमी फिल्म स्कॅन करणारं खात्रीचं कुणी पुण्या-मुंबईत आहे का? खात्रीचं एवढ्यासाठी म्हणते की आजोबांच्या आठवणींची एकुलती एक व्हिडिओ कॅसेट मी घाईनं एका दुकानात दिली होती. फीत आत अडकून चुरगळली आणि अर्ध्याहून जास्त आवाज गेला. स्टुडिओ जळाला त्या दिवसाबद्दल ते बोलत होते, नेमकं तेच गेलं.

माझ्या माहितीपटातली उणीवही तिथेच आहे. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये जयप्रभाला आग लावली गेली, त्यात बाबांचा 'मीठभाकर' हा सिनेमा जळाला. बाबांनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि तो सिनेमा नव्यानं केला. पन्नाशीच्या माणसानं जळालेलं पुन्हा पहिल्या शॉटपासून करायला घेणं, मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत मोठं हेच वाटतं. आणि दाखवायला माझ्याकडे एक फोटोसुद्धा नाही. कुणाच्या घरी 'मीठभाकर'ची गाण्यांची चोपडी, जाहिरात, त्या काळातल्या जयप्रभाचा फोटो, काहीही असेल तर मी स्वतः येऊन घरीच स्कॅन करेन. वस्तू तुमच्या हातातून हलणार नाही.

आता कॉपीराइट. सिनेमाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे १९६३ च्या 'मंजुळा'चा २०२३ अखेर संपला, असं मी धरतेय. पण संगीत 'आनंदघन' या नावानं लतादीदींचं, आणि त्याचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. मग गाण्याचा तुकडा वापरायचा तर परवानगी वेगळी काढावी लागेल ना? या कामातल्या कुणी वकिलांनी सांगितलं तर फार उपकार होतील.

भर (दुसऱ्या दिवशी): तुमच्यापैकी एकांनी पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला आधी पत्र लिहा म्हणून कळवलंय. आज लिहितेय. रिळाच्या कडेचे आणि डब्याच्या झाकणाचे फोटो सोबत पाठवले तर पुरेल का, की लांबी-वजनही कळवावं? डबा तोवर कागदात गुंडाळून आईच्या खोलीत वरच्या फडताळात ठेवलाय, फोटोंच्या अल्बमपासून लांब. फडताळ उघडलं की वास अजून येतो.