‘विषमविचलन’ की ‘विषमप्रचरण’? पुनर्मापनांच्या रिग्रेशनमधील एक संज्ञा

प्रश्न : लाँगिट्यूडिनल विदेवरील (त्याच व्यक्तींची पुन्हापुन्हा घेतलेली मोजमापे) रिग्रेशनच्या, म्हणजे एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याच्या, पद्धतींविषयी मराठीत लिहीत आहे. हेटरोस्केडॅस्टिसिटीसाठी (निरीक्षणांचा विखुरलेपणा सर्वत्र सारखा नसणे) ‘विषमविचलन’ चालेल काय? आणि विदेला ‘दीर्घकालीन’ म्हणणे पुरेसे आहे काय?

प्रतिसाद १ : ‘विचलन’ टाळावे. एखादे निरीक्षण सरासरीपासून जितके दूर, तितके त्याचे विचलन. ही विचलने एकसारखी कधीच नसतात, त्यामुळे त्यांना विषम म्हणून काहीच सांगितले जात नाही. कार्ल पिअर्सन यांनी १९०५ मध्ये हेटरोस्केडॅस्टिसिटी ही संज्ञा वापरात आणली ती ‘विखुरणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. असमान असते ते विखुरण्याचे माप, म्हणजे फिशर यांनी १९१८ मध्ये व्हेरियन्स असे नाव दिलेले प्रचरण. म्हणून ‘विषमप्रचरण’ योग्य. ‘दीर्घकालीन’ मात्र दिशाभूल करते. दरवर्षी नवी माणसे निवडून वीस वर्षे पाहणी केली तरी ती लाँगिट्यूडिनल ठरत नाही, आणि त्याच माणसांची एका आठवड्यात सात वेळा मोजमापे घेतली तर ठरते. मी ‘पुनर्मापित विदा’ लिहीन.

प्रतिसाद २ : ‘विषमप्रचरण’ मान्य आहे, पण पुनर्मापित विदेत हा शब्द एकटा वापरू नये, प्रचरण कशाचे, हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे. पॉटहॉफ आणि रॉय यांच्या १९६४ च्या लेखातील प्रसिद्ध विदा घ्या : ११ मुली आणि १६ मुलगे, प्रत्येकाच्या कवटीतील एकच अंतर वयाच्या ८, १०, १२ आणि १४ व्या वर्षी मोजलेले. प्रत्येक मुलामुलीसाठी स्वतंत्र रेषा काढली, तर त्या रेषेभोवतीचा विखुरलेपणा मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त दिसतो. हे व्यक्तीअंतर्गत विषमप्रचरण होय. याउलट, रेषेभोवतीचे प्रचरण सर्वत्र समान असूनही प्रत्येकाच्या वाढीचा वेग, म्हणजे रेषेचा चढ, वेगवेगळा असेल, तर रेषा पंख्यासारख्या फाकत जातात आणि एकूण प्रचरण काळाच्या वर्गानुसार (काळ × काळ) बदलते. पहिल्या प्रकारात अवशेषांचे (मोजमाप आणि रेषा यांतील फरकांचे) प्रचरण गटागणिक वेगळे धरावे लागते. दुसऱ्यात लेर्ड आणि वेअर यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या यादृच्छिक परिणामांच्या प्रतिमानातच (ज्यात प्रत्येक व्यक्तीची रेषा वेगळी असू शकते) ते आपोआप येते. दोन्हींना एकच नाव दिले, तर वाचक चुकीचा उपाय योजील.

प्रश्नकर्ता : प्रमाण त्रुटीच (रिग्रेशनच्या गुणांकांच्या, म्हणजे रेषेचा चढ वगैरे आकड्यांच्या, अनिश्चिततेचे माप) विषमप्रचरणाला न डगमगणाऱ्या घेतल्या, तर हा भेद सांगण्याची गरज उरते काय?

प्रतिसाद २ : गुणांकांपुरतेच लिहायचे असेल, तर फारशी नाही. लिआंग आणि झेगर यांच्या १९८६ च्या पद्धतीत सरासरीचे प्रतिमान बरोबर असेल आणि व्यक्तींची संख्या पुरेशी मोठी असेल, तर प्रचरणाची आणि परस्परसंबंधाची रचना चुकीची गृहीत धरली तरी प्रमाण त्रुटी विश्वासार्ह राहतात. पण व्यक्ती थोड्या असतील किंवा एखाद्या मुलाचे पुढचे मोजमाप वर्तवायचे असेल, तर प्रचरण कोठून आले ते सांगितलेच पाहिजे, कारण भाकिताच्या पट्ट्याची रुंदी त्यावरच ठरते.