२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे हाताने कसे ठरवले असेल?

अमळनेरकर
नमस्कार. जळगावला संगणकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीच्या प्रोग्रॅममध्ये बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की उत्तर एकाएकी ऋण येते. ही संख्या म्हणजे २^३१ − १, आणि ती मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले, असे तिने सांगितले. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित वर आहे, म्हणजे तोवरच्या सुमारे ४,८०० मूळ संख्यांनी भागून पाहावे लागणार. दृष्टी जवळजवळ गेलेल्या ऑयलरने हे कसे निभावले? शिवाय, ही संख्या मूळ आहे म्हणूनच संगणकाने ती निवडली काय?

चाळीसगावचा मास्तर
एवढे भागाकार करावेच लागत नाहीत. समजा, या संख्येला ‘प’ या मूळ संख्येने भाग जातो. मग २^३१ ला प ने भागल्यास बाकी १ उरते; ३१ स्वतः मूळ असल्याने त्याहून लहान घाताला अशी बाकी येत नाही, आणि फर्माच्या प्रमेयानुसार २^(प − १) लाही प ने भागल्यास बाकी १ च उरते, म्हणून प − १ ला ३१ ने, व प विषम असल्याने ६२ नेही, भाग जातो. दुसरी अट अधिक देखणी आहे. २^३२ हा पूर्ण वर्ग असून त्याला प ने भागल्यास बाकी २ उरते. असे घडते तेव्हा प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च येते. दोन्ही अटी जुळवल्या की २४८न + १ आणि २४८न + ६३ (न ही पूर्ण संख्या) एवढेच उमेदवार उरतात. ४६,३४० पर्यंत, १ आणि ६३ वगळून, ते ३७२ भरतात आणि त्यांतलेही बरेच संयुक्त असतात. पहिल्या अटीचा पडताळा २^११ − १ वर घ्या: २०४७ = २३ × ८९, आणि दोन्ही विभाजकांतून १ वजा केल्यास २२ ने भाग जातो.

धुळेकर
दुसऱ्या प्रश्नाबद्दल: तो निव्वळ योगायोग आहे, जरी उलटे सांगणारे पुष्कळ भेटतात. संगणक अशी संख्या ३२ बिटांत, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत, ठेवतो; त्यांपैकी एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जातो, म्हणून घात ३१. सोळा बिटांची मर्यादा ३२,७६७ = ७ × ३१ × १५१ आहे, आणि चौसष्ट बिटांच्या २^६३ − १ लाही ७ ने भाग जातो.

२^क − १ (क विषम मूळ) अशी संख्या मूळ आहे का हे पाहायला आज मात्र लुकास–लेमर कसोटी वापरावी. ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी काढा; असे क − २ वेळा करून शेवटी शून्य आले तर संख्या मूळ. ३१, म्हणजे २^५ − १, साठी ४, १४, ८, ० असे येते. तिसऱ्या पायरीला शून्य, म्हणून ३१ मूळ. आपल्या संख्येला अशा २९ पायऱ्या लागतात. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या ४,१०,२४,३२० अंकी संख्येची खातरजमाही याच कसोटीने झाली.

अमळनेरकर
मास्तर, कापसाच्या तोलपावतीच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली आहे. पहिला मूळ उमेदवार ३११: भागाकार ६९,०५,०९२, बाकी ३५. पुढचे ४९७ पासून १,२४१ पर्यंतचे सातही उमेदवार संयुक्तच निघाले. १,३०३ ला बाकी २२६ आली, आणि पावती तिथे संपली.