नाथ पैंनी गोलकनाथ निकालाविरुद्ध विधेयक का आणलं?

कुडाळची_सई: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोकणचे तेव्हाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै म्हटलं की आमच्याकडे सगळे त्यांच्या भाषणांबद्दल बोलतात. पण 1967चं 'नाथ पै विधेयक' वाचलं आणि गोंधळले. मूलभूत हक्कही संसदेला बदलता आले पाहिजेत, असं एक समाजवादी माणूस का म्हणेल?

बांद्याचे_वकीलकाका: सई, गोलकनाथ खटल्याच्या मुळाशी काय होतं ते आधी बघ. जमीन. पंजाबातल्या एका कुटुंबाची पाचशे एकरांवर जमीन कमाल मर्यादेच्या कायद्यात अडकली होती. 27 फेब्रुवारी 1967ला सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 5 मतांनी सांगितलं की यापुढे संसद मूलभूत हक्कांना हात लावू शकणार नाही. आणि मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता!

माझे वडील कूळ होते. वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भाताचे, दोन कुणगे (शेताचे लहान तुकडे), मालक दुसराच. कूळकायद्याने कुळांना मालक ठरवलं त्या 1 एप्रिल 1957च्या कृषकदिनानंतर ते आमच्या नावावर झाले. तो सातबारा वडील ट्रंकेत, धोतराच्या घडीत ठेवायचे. गोलकनाथची बातमी आली तेव्हा त्यांनी तो बाहेर काढून माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मी तेव्हा सातवीत होतो. निकालाने जुने कायदे रद्द केले नव्हते, पण हे त्यांना कोण समजावणार? पुढच्या जमीनसुधारणांची वाट मात्र अडली होती. नाथ पैंनी खाजगी विधेयक (सरकारचं नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेलं) आणलं ते या पार्श्वभूमीवर. लोकांनी निवडलेली संसद आपली घटना बदलू शकत नसेल तर सत्ता लोकांची कशी, हा त्यांचा मुद्दा होता.

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, मंजूर मात्र झालं नाही. 1971च्या 24व्या घटनादुरुस्तीने तेच साधलं. ते पाहायला नाथ पै नव्हते. 17 जानेवारी 1971ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले आणि 18 तारखेला गेले. वय अवघं 48.

देवगडकर: काका, आदर आहेच, पण आणीबाणीत 42व्या दुरुस्तीने संसदेने केलेल्या घटनादुरुस्तीला न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असं केलं, ते आपण पाहिलं. संसदेवर एवढा भरवसा चुकीचाच ठरला ना?

बांद्याचे_वकीलकाका: त्यातला धोका तेव्हाही अनेकांनी दाखवला होता, समाजवादी मंडळींतही एकमत नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाचा 1973चा केशवानंद निकाल मला जास्त पटतो: संसदेला दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही. तरी नाथ पै सत्तेसाठी हे मागत नव्हते. 1957पासून तीनदा राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले, दरवेळी विरोधी बाकावरच बसले. त्यांच्यानंतर तिथून गेलेले मधु दंडवते तर आणीबाणीत बेंगळूरच्या तुरुंगात होते.

कुडाळची_सई: काका, सातबाऱ्याचं वाचून मुद्दा डोक्यात शिरला. तो कागद अजून आहे का?

बांद्याचे_वकीलकाका: आहे गं. घड्यांवर फाटलाय, मागून खळ लावून चिकटवलाय. बांद्याला आलीस की दाखवतो.