शेड आणि शॅडो: मराठीत दोन्ही सावलीच?

प्रश्न: मुलगी पाचवीत आहे. निबंधात तिने इंग्रजीत लिहिलं, आम्ही आंब्याच्या 'शॅडो'त डबा खाल्ला. बाईंनी लाल पेनाने शॅडो खोडून 'शेड' केलं. ती म्हणते, "आई, दोन्ही सावलीच ना?" मला नीट सांगता येईना.

उत्तर: ताई, शेड म्हणजे ऊन लागत नाही ती जागा, तिथला गारवा. शॅडो म्हणजे उजेड अडला की जमिनीवर किंवा भिंतीवर उमटते ती आकृती, आपली पडछाया. डबा शेडमध्ये खायचा, शॅडो मागे मागे चालते. (रंगाची छटाही शेडच, पण ते तूर्त राहू द्या.)

उत्तर: मी भूगोल शिकवते. मुंबई-पुण्यात मे आणि जुलैमध्ये एकेक दिवस भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायथ्यातच लपते. त्याला 'झीरो शॅडो डे' म्हणतात, 'झीरो शेड' नाही. आंब्याखाली तेव्हाही गार शेड असतेच! लेकीला हे नक्की दाखवा.

प्रश्नकर्ती: खूप आभार. आत्ताच अंगणात तिने स्वतःच्या शॅडोवर उडी मारली, मग पळत ओट्यावरच्या शेडमध्ये गेली. आता चुकणार नाही.