तिकोपियाच्या लोकांनी खरंच सगळी डुकरं मारून टाकली होती का?

रानवाट

परवा पर्यावरणावरच्या एका व्याख्यानात तिकोपियाचं नाव ऐकलं. पॅसिफिक महासागरातलं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं बेट. जवळजवळ तीन हजार वर्षांची वस्ती. डुकरं बागायतीची नासधूस करतात म्हणून चारशे वर्षांपूर्वी लोकांनी एकमताने ती सगळी मारली आणि तेव्हापासून निसर्गाशी जुळवून घेऊन सुखात आहेत, असं वक्ते म्हणाले. टाळ्याही पडल्या.

घरी येईपर्यंत डोक्यात किडे वळवळायला लागले. एकमताने म्हणजे नक्की कुणाच्या मताने? एवढ्याशा जागेत पोरंबाळं वाढली की काय करायचे? २००२ च्या चक्रीवादळात तिथे एकही माणूस दगावला नाही म्हणतात, ते खरं का? मी बँकेत नोकरी करणारी बाई, हा माझा प्रांत नाही. कुणी जाणकार असतील तर लिहा ना.

खारवी

नकाशात बघितलं. सॉलोमन बेटांच्या तेमोतू प्रांतात आहे, पार पूर्वेच्या टोकाला. पण सॉलोमन म्हणजे मेलानेशिया, पॅसिफिकचा नैऋत्येकडचा पट्टा ना? मग हे लोक पॉलिनेशियन, म्हणजे त्याच्या पूर्वेकडच्या बेटांवरचे, कसे काय?

निवृत्त मास्तर

रानवाट ताई, प्रश्न चांगला आहे. मी आयुष्यभर मानवशास्त्र शिकवलं, त्यामुळे तिकोपिया निघालं की मला आवरणं कठीण. कंटाळा आला तर स्क्रोल करा.

आधी खारवींचं. पॉलिनेशियाच्या मुख्य पट्ट्याबाहेर, मेलानेशियाच्या हद्दीत पॉलिनेशियन भाषा बोलणारी अशी बरीच सुटी बेटं आहेत. अनुता हे तिकोपियाचं शेजारी, तेही सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब. हे लोक पूर्वेकडच्या बेटांवरून होड्यांनी उलटे पश्चिमेला आले. तौमाको कुळाचे लोक आपला मूळपुरुष टोंगाहून आला असं सांगतात. त्यांच्या आधीही बेटावर वस्ती होतीच. १९७७-७८ मध्ये पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा सगळ्यात खालचे थर इसवीसनपूर्व ९०० च्या सुमाराचे निघाले.

त्या खालच्या थरांत काय आहे ते तुमच्या वक्त्यांनी सांगितलं नाही. जंगल जाळल्याची राख, आणि पक्षी नि कासवं खाऊन टाकलेली हाडं. पहिल्या काही शतकांत या लोकांनी बेट ओरबाडलं. त्यानंतर हळूहळू जाळून शेती करणं थांबलं आणि सगळं बेट फळझाडांची बाग झालं. वर नारळ, नीरफणस, बदामासारख्या बिया देणारी झाडं. खाली अळूचे कंद, सुरण-कोनफळाच्या जातीचे कंद. आज तिथे 'रान' म्हणावं असं फारसं काही नाही, प्रत्येक झाडाला मालक आहे.

डुकरांची गोष्ट खरी. वरच्या थरांत डुकराची हाडं दिसेनाशी होतात, साधारण १६०० च्या आसपास. तोंडी परंपराही हेच सांगते, की डुकरं बागा उकरायची म्हणून संपवली. डुकराला लागतं तेच कंद माणसाला लागतात, हिशेब सरळ आहे. राहिलं एकमताचं. बेटावर चार कुळं, चार प्रमुख: काफिका, ताफुआ, तौमाको आणि फांगारेरे. प्रमुखाला आरिकी म्हणतात. त्यांत काफिकाचा मान पहिला. आरिकीसमोर लोक गुडघ्यांवर सरकत जातात, त्याला पाठ दाखवत नाहीत. अशा ठिकाणी एकमत कसं होतं ते आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगवरून ठरवू नका.

आता तुमचा अवघड प्रश्न, पोरांचा. रेमंड फर्थ हा न्यूझीलंडचा तरुण अभ्यासक १९२८ मध्ये मिशनच्या 'सदर्न क्रॉस' जहाजाने तिथे उतरला आणि वर्षभर राहिला. तेव्हा बेटावर १,३०० च्या आसपास माणसं होती. त्याने लिहून ठेवलंय ते वाचताना घशाशी येतं. थोरल्याने लग्न करायचं, धाकट्या भावांनी बिनलग्नाचं राहायचं, म्हणजे जमिनीचे तुकडे पडत नाहीत. लग्न झालेल्यांनीही दोन-तीन मुलांवर थांबायचं, आणि आरिकीच्या वतीने हे भर सभेत लोकांना बजावलं जायचं. गर्भ पाडायचे. नकोसं मूल जन्मलं तर त्याचं तोंड खाली करून ठेवायचे. आणि तरुण मुलगे होडी घेऊन समुद्रावर निघून जायचे. पराक्रम म्हणूनही जायचे, पण त्यातले बहुतेक परत येत नसत हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

याच्याही आधीच्या काळातली आठवण आहे, ङा रावेंगा आणि ङा फाएआ या दोन गटांची. जमिनीवरून झगडा झाला. पहिल्यांची कत्तल झाली, दुसऱ्यांना बायकामुलांसकट होड्यांत बसून समुद्रावर जावं लागलं. त्यांच्या जमिनी उरलेल्यांनी वाटून घेतल्या, आणि त्या कुणाच्या होत्या हे फर्थच्या काळातही लोक सांगत होते.

म्हणून 'निसर्गाशी जुळवून सुखात' हे वाक्य ऐकलं की माझं टाळकं सटकतं. तोल सांभाळला हे खरंच. पण तो धाकट्या भावांनी, न वाढलेल्या पोरांनी आणि होडीत बसलेल्यांनी सांभाळला. ही नावं घेतल्याशिवाय तिकोपियाचं कौतुक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खारवी

बाप रे. मास्तर, तुम्ही तर सगळी मजाच घालवलीत. पण मग ख्रिस्ती झाल्यावर हे सगळं थांबलं असणार. मिशनऱ्यांचे उपकारच म्हणायचे.

निवृत्त मास्तर

थांबलं, हो. पुढचंही ऐका. मिशन आणि सरकार, दोघांनीही गर्भपात, बालहत्या आणि समुद्रावर निघून जाणं बंद पाडलं. जीव वाचले, त्याबद्दल वाद नाही. पण जमीन तेवढीच. १९५२ मध्ये फर्थ परत गेला तेव्हा माणसं १,७५० च्या आसपास झाली होती, आणि त्याच जानेवारीत चक्रीवादळाने बागा झोपवल्या होत्या. पुढच्या वर्षी दुसरं वादळ आलं. दुष्काळ पडला. जिथे चोरी जवळजवळ नव्हती तिथे लोक रात्री दुसऱ्याचे कंद उपटायला लागले. पाहुण्याच्या पुढ्यात टोपली ठेवणं हा जिथे धर्म, तिथे लोक दार लावून जेवायला लागले. फर्थ आणि त्याचा सहकारी जेम्स स्पिलियस यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. बाहेरून तांदूळ आला म्हणून बेट तगलं, तरी माणसं गेलीच.

उपकार की अपकार हा हिशेब मी मांडत नाही. एका बाजूची खीळ काढली की दुसरीकडे काय होतं ते बघावं, एवढंच.

मालवणी_मुलूख

नीरफणसाचं नाव वाचून उडी मारून आलो. आमच्या परड्यात दोन झाडं आहेत, काप तर जीव की प्राण. पण फळ उतरवल्यावर दोन दिवसांत मऊ पडतं. हे लोक दुष्काळासाठी ते साठवायचे कसे?

निवृत्त मास्तर

खड्ड्यात. जमिनीत खड्डा खणायचा, आतून पानांचे थर लावायचे, सोललेलं फळ आत दाबून बसवायचं, वरून पानं आणि दगड. आत ते आंबतं, आंबट वासाचा घट्ट लगदा होतो. त्याला मासी म्हणतात. वर्षानुवर्षं टिकतो. लागेल तेवढा काढायचा, मळायचा, पानात बांधून तापलेल्या दगडांवर भाजायचा. वादळाने झाडं उताणी पडली तरी खड्ड्यातलं कुठे जात नाही. परड्यात करून बघणार असाल तर आधी घरच्यांना विचारा, वासाने शेजारी भांडायला येतील.

तुम्ही कोकणातले म्हणून आणखी सांगतो. हे लोक सुपारी चघळतात, चुना लावून. पॉलिनेशियात हे दुर्मीळच. आणि बाकी पॉलिनेशिया ज्या कावा नावाच्या पेयावर जगतो, ते हे देवांपुढे जमिनीवर ओतायचे, पीत नसत. हळद तर फारच मानाची. कांड्या किसून पाण्यात खळबळायच्या, तळाशी बसलेला गाळ भट्टीत भाजायचा, त्याचा लालसर रंग अंगाला आणि सालीच्या कापडाला. ते काम चालू असताना करणाऱ्यांना कडक सोवळं. मामाचा मानही आपल्यासारखाच! मुलाच्या दीक्षाविधीत त्याला धरून बसतो तो मामा, आणि आयुष्यभर त्याची बाजू घेतो तोही मामाच.

घरं मात्र आपल्या डोळ्यांना चमत्कारिक वाटतील. छप्पर इतकं खाली उतरलेलं की रांगतच आत जायचं. घरातलीच माणसं गेली की जमिनीखाली पुरायची, वर चटया अंथरायच्या. घराची ती बाजू पूर्वजांची. तिकडे कुणी लोळत पडत नाही.

चिकित्सक

मास्तर, अवांतर विचारतो. एवढं एकाकी बेट, मग मिशनऱ्यांआधी बाहेरचं कुणी तिथे गेलंच नव्हतं का?

निवृत्त मास्तर

अवांतर कसलं, ही तर माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट.

युरोपियनांनी बेट पहिल्यांदा पाहिलं १६०६ मध्ये, किरोस या स्पॅनिश मोहिमेच्या कप्तानाने. पण राहायला गेले ते १८१३ मध्ये. कलकत्त्याचं 'हंटर' जहाज फिजीत चंदन भरायला गेलं होतं. तिथे मारामारी झाली, जहाजावरचे बरेच जण मारले गेले. वाचलेल्यांत मार्टिन बुशार्ट हा प्रशियन, त्याची फिजीयन बायको आणि एक हिंदुस्थानी खलाशी होता. त्यांनी विनंती केली म्हणून त्यांना वाटेत तिकोपियावर उतरवलं. खलाशाला गोरे 'जो' म्हणायचे. कागदोपत्री त्याचं नाव अचाउलिया असंही येतं. (मराठी होता का, असं विचारायला आता कुणीतरी येईलच. कलकत्त्याच्या जहाजावर सगळ्या किनाऱ्यांचे लोक असत, त्या इंग्रजी स्पेलिंगवरून गाव काढायला जाऊ नका.)

१८२६ मध्ये त्याच 'हंटर'वर पूर्वी असलेला पीटर डिलन 'सेंट पॅट्रिक' हे स्वतःचं जहाज घेऊन तिकोपियावरून चालला होता. जुने सोबती आहेत का बघू म्हणून थांबला. दोघे जिवंत! आणि त्या खलाशाजवळचा एक चांदीचा तुकडा डिलनच्या हातात पडला, तलवारीच्या मुठीचा भाग. तिकोपियाचे लोक होड्यांनी वानिकोरो बेटावर जाऊन-येऊन असत, तो खलाशीही जाऊन आला होता. तिथे फार पूर्वी दोन मोठी जहाजं फुटली होती, हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं.

ही जहाजं फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझची. १७८८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॉटनी बेतून निघाली ती गायबच झाली. फ्रान्सने शोधायला आख्खी मोहीम पाठवली, ती १७९३ मध्ये वानिकोरोच्या दृष्टिपथातून पुढे निघून गेली! डिलन कलकत्त्याला आला, कंपनी सरकारने त्याला 'रिसर्च' नावाचं जहाज दिलं, आणि १८२७ मध्ये तो वानिकोरोहून घंटा, तोफा, भांडी घेऊन आला. पॅरिसमध्ये ती ओळखली बार्तेलेमी द लेसेप्सने. हा ला पेरूझच्याच मोहिमेतला, पण रशियाच्या पूर्व टोकाला कामचात्काला उतरून जमिनीवरून परत गेला होता, म्हणून जगला. डिलनला फ्रान्सच्या राजाने मानसन्मान आणि पेन्शन दिलं.

खलाशाला काय मिळालं विचारू नका. डिलनने सोबत चल म्हणून गळ घातली होती, पण तो काही बेट सोडायला तयार झाला नाही. मला विचाराल तर शहाणा होता.

रानवाट

मास्तर, मनापासून आभार. वाचनखूण साठवली. वादळाचं तेवढं राहिलं.

निवृत्त मास्तर

हो, वादळाचं नाव झोई. २८ डिसेंबर २००२, पाचव्या श्रेणीचं. बेटाशी संपर्क तुटला. पाच-सहा दिवसांनी न्यूझीलंडचा एक छायाचित्रकार हेलिकॉप्टरने उतरला तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं की माणसं जिवंत आहेत. सरकारी मदतीची बोट पोहोचायला आठवडा उलटला. लोक चढावर जाऊन कड्यांच्या कपारींत बसले होते. गावं वाहून गेली, बागा मोडल्या, पण माणूस एकही गेला नाही. तेवढं तुम्ही ऐकलंत ते बरोबर.

मग १९५२ सारखा दुष्काळ का पडला नाही? मदत लवकर आली, मासी होतं, ही कारणं आहेतच. पण मोठं कारण माझ्या मते वेगळं. १९५० नंतर तिकोपियाचे लोक मजुरीला बाहेर पडले. रसेल बेटांवरच्या नारळाच्या मळ्यांत नुकुफेरो नावाची त्यांची वस्ती झाली, माकिरा बेटावर दुसरी झाली, होनियारा शहरात आणखी. वादळ आलं तेव्हा बेटावर जेमतेम फर्थच्या पहिल्या खेपेइतकीच माणसं होती. धाकटे भाऊ अजूनही समुद्रावरून जातात, फक्त आता जहाजाचं तिकीट काढून जातात आणि लग्न करतात.

झोईने आणखी एक केलं. बेटाच्या मधोमध ज्वालामुखीच्या मुखात 'ते रोतो' नावाचं तळं आहे. समुद्राने मधली पट्टी फोडली, तळं खारं झालं, आतली मासळी गेली, काठची अळूची शेतं बसली. पुढे दगड भरलेल्या जाळ्यांचा बांध घालून ते भगदाड बुजवलं.

मालवणी_मुलूख

मास्तर, बायकोला मासीचं विचारलं. खड्डा खणायची परवानगी मिळाली, पण सासुरवाडीच्या परड्यात.