मदत हवी आहे: जास्त पगाराचा माणूस हलक्या कामात अडकलाय, खर्च कुठे टाकू?

नमस्कार मंडळी. आमचं छोटं प्रिंटिंगचं युनिट आहे, मी धरून १२ जण. इतकी वर्षं हिशोबात "पगार" असं एकच खातं, सगळं त्यात ढकलायचं, त्यामुळे कुठल्या ऑर्डरमध्ये पैसे सुटले आणि कुठे नुसती हमाली झाली काही कळायचं नाही. म्हणून मागच्या आठवड्यात वही घेऊन बसलो, कोण किती वेळ काय करतं ते लिहीत.

तर आमचा सगळ्यात जुना मशीन ऑपरेटर, पगारही सगळ्यात जास्त, तो रोज दोन तास खोक्यांवर लेबलं चिकटवतो! पॅकिंगवाली मुलगी सोडून गेली तेव्हा "तेवढं मी बघतो" म्हणाला होता आणि ते तसंच चालू राहिलं, मीही विसरलो. तेवढा वेळ मशीन बंद, आणि राहिलेली छपाई उरकायला संध्याकाळी त्यालाच ओव्हरटाइम.

हे दोन तास पॅकिंगला त्याच्याच दराने लावायचे का? (दर म्हणजे मी महिन्याचा पगार भागिले ३० करतो.) ओव्हरटाइम कोणाच्या माथी मारायचा? आणि त्याच्याशी बोलू कसं, वही दिसल्यापासून तो माझ्याशी नीट बोलत नाहीये.

प्रतिसाद १
आधी ते ३० सोडा. ३६५ मधून साप्ताहिक सुट्ट्या ५२, सणांच्या समजा १२, भरपगारी रजा २४ काढल्या की हातात २७७ दिवस उरतात. तुम्ही वर्षाला ३६० ने (३० गुणिले १२) भागताय, म्हणजे खरा दर ३० टक्के जास्त आहे, त्यात बोनस आणि विमा अजून धरलेलाच नाही. लेबलं त्याच्याच दराने पॅकिंगवर टाका, आकडा बघून पोटात गोळा येऊ दे. ओव्हरटाइममधला नेहमीच्या दराचा भाग त्या ऑर्डरवर, वरचा जादा भाग गिऱ्हाइकाने घाई केली असेल तरच त्याच्या बिलात. आपल्या ढिसाळपणामुळे असेल तर ओव्हरहेडमध्ये, म्हणजे कुठल्याच एका ऑर्डरचा नसलेल्या सामायिक खर्चात. तुमचं प्रकरण या ढिसाळपणातलंच आहे, राग नसावा.

प्रतिसाद २
लगेच हेल्पर ठेवू नका, दोन तासांच्या कामाला पूर्ण पगार जाईल. बाकीच्यांकडे असली किती चिल्लर कामं पडलीयेत ते आधी मोजा. आणि ऑपरेटरला "तुझा वेळ महाग पडतो" असं चुकूनही म्हणू नका हो, त्याने अडचणीला हात दिला होता. नवीन माणसाला त्यालाच शिकवू दे.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांना, ३० टक्के वाचून झोप उडाली. वही परत चाळली, लेबलं, चलनं लिहिणं, रद्दी बांधणं असं सगळ्यांचं मिळून रोजचे साडेपाच तास निघतायत. उद्या वही ऑपरेटरच्याच हातात देतो, म्हणतो तूच सांग यातलं काय काय काढायचं. अर्धवेळ माणूस कोणी ठेवलाय का इथे? त्याची रजा आणि बोनस दरात कसा धरता?